पटाची वही: जून २०२४ ते एप्रिल २०२५

१८ जून २०२४, मंगळवार

शनिवारी शाळा सुरू झाल्या आणि माझ्या अंगणवाडीतली नऊ मुलं पहिलीला गेली. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी सगळी. दरवर्षी जातात, त्यात नवीन काही नाही. पण त्यांच्या जागी खालून तेवढीच वर यायची. यंदा चार आली. बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी पट का घसरला म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "इंग्लिश मीडियमला जातात, मॅडम." त्या म्हणाल्या, "किती जातात, कुणाची जातात, लिहून आणा." म्हणून ही वही.

वारणाकाठचं गाव. माझ्या वाट्याला जुनं गावठाण, बौद्धवस्ती, मुसलमान गल्लीतली सहा घरं आणि मळ्यातल्या तीन वस्त्या. घरोघर फिरून आज आकडा जुळवला. तीन ते सहा वयाची ३८ मुलं. अंगणवाडीत २२. व्हॅननं इंग्लिश शाळेत १४. कुठंच न जाणारी २: शेवटच्या वस्तीवरची एक मुलगी, आणि ऐकू न येणारा साडेचार वर्षांचा मुलगा, ज्याला आजी उंबऱ्याबाहेर सोडत नाही.

मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही. रजिस्टरात आहेत तेवढी पुरे.

२१ जून, शुक्रवार

मासिक अहवालात मुलगे-मुली, अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याक, इतर असे रकाने असतात. आज तेच रकाने व्हॅनमधल्या १४ जणांसाठी आखून बघितले. १४ पैकी १० मुलगे. तीन घरं अशी निघाली की भाऊ व्हॅनमध्ये आणि बहीण माझ्याकडं. सगळ्या बागायतदारांचीच मुलं असतील असं वाटलं होतं, तेही खोटं ठरलं. बौद्धवस्तीतली दोन आहेत, एकाचे वडील एसटीत कंडक्टर. मुसलमान गल्लीतलं एक आहे. म्हणजे जातीपेक्षा महिन्याचा ठरलेला पगार असणं किंवा नसणं मोठं.

उरलेल्या २२ मध्ये १४ मुली. अहवालात माझी अंगणवाडी बीटमधली सगळ्यात रंगीबेरंगी दिसेल. ज्यांना जाणं परवडलं ते गेले, हे त्या रंगांमागचं कारण अहवालात कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

जाऊबाईंचा नातूही त्या १४ मधला. सांगायला अवघड वाटतं, पण लपवून काय करू. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्याकडं खिचडी खातो नि गाणी म्हणतो. तिकडं एबीसीडी लिवतो गं." पावणेचार वर्षांच्या बोटांना अजून चार रेघांच्या वहीचं काम झेपत नाही, मातीचे गोळे करू दे, मणी ओवू दे, हे मी बोलून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतीस ते खरं असंल, पण व्हॅन दारात येती."

याला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या अंगणवाडीची वाट पावसात ओढ्यातून जाते.

९ जुलै, मंगळवार

१ तारखेपासून लाडकी बहिणीचे अर्ज. एका अर्जामागे ५० रुपये मिळणार म्हणतात. मुलं मदतनीस मावशींच्या ताब्यात, मी आणि मोबाईल कडुनिंबाखाली. वही आठवडाभर उघडली नाही.

एक फायदा मात्र झाला. आज एक बाई कागद घेऊन आली, हिंदीत बोलणारी. रहिवासी दाखला नाही, पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड नाही, काहीच नाही. तिचा अर्ज बसेना. बिहारची, नवरा-बायको ओढ्यापलीकडच्या पोल्ट्री शेडवर कोंबड्या सांभाळतात. कडेवर तान्हं, पदराला धरून चार वर्षांचा पोरगा. तीन आठवड्यांपूर्वी मी "घरोघर फिरून" आकडा जुळवला म्हणून लिहिलं होतं. पोल्ट्रीला मी घर धरलंच नव्हतं. ३८ चे ३९ केले.

पोरगा आजच बसला. शेवटच्या वस्तीवरची मुलगीही येऊ लागली. तिची आई शेजारणीबरोबर पाठवायला तयार झाली, कारण लाडकी बहिणीच्या निमित्तानं माझी ओळख झाली होती. सर्वेक्षणाला तीनदा गेले तेव्हा ती दारात आली नव्हती.

१४ ऑगस्ट, बुधवार

व्हॅनमधली तीन मुलं परत आली. एकाला व्हॅनमध्ये उलट्या होतात. दोघांची दुसऱ्या हप्त्याची फी राहिली. आया मान खाली घालून आल्या. मी काही विचारलं नाही, हजेरीत नाव लिहिलं. पट २७.

सप्टेंबर, ऑक्टोबर

गणपती, गौरी, दसरा. उपस्थिती खालीवर. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. दिवाळीनंतर निवडणूक आहे, मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम माझ्याकडं, मतदारयाद्यांनी दप्तर भरलंय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऊसतोडीचा हंगाम १५ तारखेला सुरू होणार असं जाहीर झालं होतं, पण २० च्या मतदानासाठी टोळ्या गावाकडंच थांबल्या. शनिवारी निकाल लागला आणि दोन रात्रीत ट्रॅक्टर आले. स्मशानाजवळच्या पडीक रानात, माझ्या अंगणवाडीपासून चालत दहा मिनिटांवर, कोप्या उभ्या राहिल्या. बांबू, चटई, वर ताडपत्री. दरवर्षी राहतात. मी गेली अकरा वर्षं सेविका आहे आणि दरवर्षी लांबून बघते. गरोदर बायकांची, लसीकरणाची चौकशी करायला आशाताईंबरोबर एक चक्कर होते, तेवढीच. तीन ते सहाची मुलं मोजायला कधी गेले नाही, कारण ती "आपल्या सर्वेक्षणात नाहीत."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज मोजली. दोन टोळ्या. एक बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची, दुसरी जालन्यातल्या मंठा तालुक्यातल्या तांड्यांवरची, बंजारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे एकवीस कोयते. मी सकाळी नऊला गेले तर मोठं माणूस एकच, म्हातारी, तापानं पडलेली. बाकी सगळे पहाटे चारला उसाच्या फडात. लहानग्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांच्या बहिणी. तीन ते सहाची ११ मुलं.

एका बहिणीला विचारलं, गावाकडं अंगणवाडीत नाव आहे का. म्हणाली, "हाय की. तिथं बाई खाऊ देती." म्हणजे हे पोर तिकडच्या पटावर आहे आणि इकडं चिखलात बसून उसाचं वाढं चघळतंय. सहा महिने ते कुणाच्याच मोजणीत नाही. तिकडच्या बाईंच्या रजिस्टरात गैरहजर, माझ्यात नोंदच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

मोबाईलवर नोंद करायला बसले. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये, स्थलांतरित लाभार्थीची सोय आहे. सोय म्हणजे आईचं आधार पाहिजे आणि ओटीपी येणारा मोबाईल पाहिजे. आधार गावाकडं पेटीत. मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नवरा फडात. संध्याकाळी सातला गेले तेव्हा गाडी भरायची चालली होती. मुकादम म्हणाला, "मॅडम, ओटीपी बिटीपी काय भानगड? कुणी उचलीचे पैसे काढून घेईल." त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. सगळ्या टोळीची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, त्याच्या जबाबदारीवर.

दीड तास बसून चार नोंदी झाल्या. परत येताना मळ्यातल्या कुत्र्यांनी ओढ्यापर्यंत पाठलाग केला.

९ डिसेंबर, सोमवार

पहिला दिवस. बहिणी ११ जणांना घेऊन दहाला दारात उभ्या. आत या म्हटलं तर येईनात. मावशींनी ताटल्या वाजवल्या तेव्हा आले. बहिणींनाही आत घेतलं, त्यांचं वय शाळेचं असलं तरी. त्यांना हाकलून दिलं असतं तर धाकटीही उठून गेली असती. शाळांच्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घातलं, शाळेतही त्यांची नावं घालून घ्या म्हणून.

जेवणाचा प्रश्न लगेच आला. खिचडी बचत गट शिजवतो, मुलामागं दिवसाला ८ रुपये, तेही पटावरच्या मुलामागं. २७ ची खिचडी ३८ जणांत आणि वर पाच बहिणी. गटाच्या अध्यक्षबाई पातेल्यात बघून म्हणाल्या, "आज झालं, रोज कसं व्हायचं?" त्यांचं चुकत नाही. त्यांचं बिलच दोन-दोन महिने येत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

गावातल्या तीन आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. एकीनं तोंडावर सांगितलं, "त्यांच्या डोक्यात उवा हायत." दुसरीनं खरजेचं कारण दिलं. तिसरी काहीच बोलली नाही, नुसती आली नाही. उवा होत्याच, खरं आहे. पण माझ्या स्वतःच्या २२ मध्येही जूनमध्ये सातजणांच्या डोक्यात उवा होत्या आणि तेव्हा कुणी शब्द काढला नव्हता. त्या उवा गावातल्या होत्या.

मी आरोग्य उपकेंद्रातून औषध आणून सगळ्यांना, गावच्या आणि कोपीच्या, एकाच दिवशी लावलं. तिघी तरी आल्या नाहीत. मनातून राग आला. मग जाऊबाई आठवल्या. पोराला आपल्याहून वरच्या पोरांत बसवायचं, खालच्या पोरांतून उठवायचं, दोन्हीत हिशोब एकच आहे. यांना व्हॅन परवडत नाही म्हणून घरी ठेवलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मजा झाली म्हणून सविस्तर लिहिते. 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे कुटुंब हा विषय चालू आहे. चित्र दाखवून विचारलं, ही कोण? गावची पोरं ओरडली, "आई!" धारूरची म्हणाली, "माय." बंजारा पोरं गप्प. त्यातला निळ्या टोपीचा माझ्याकडं न बघता पुटपुटला, "याडी." गावची पोरं फिदीफिदी हसली, त्यांना गाडी ऐकू आलं. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि मोठ्यानं म्हणायला लावलं. मग मुसलमान गल्लीतली म्हणाली, "आमची अम्मी." पोल्ट्रीवरच्यानं "माई" सांगितलं. मावशी माहेरच्या जतच्या, त्यांच्या आजोळी कानडी. त्या दारातनं म्हणाल्या, "आमच्यात अव्वा."

फळ्यावर सहा शब्द झाले. दुपारपर्यंत पोरं एकमेकांच्या आयांना सहा नावांनी हाका मारत होती.

त्यानंतर निळी टोपी बोलायला लागली. आठवडाभर मी समजत होते की पोरगं मंद आहे. तसं रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिणारही होते. लिहिलं नाही हे बरं झालं. त्याला सगळं येत होतं, मी विचारत होते ती भाषा येत नव्हती. "तारो नाम कांई छ?" एवढं वाक्य त्याच्याच बहिणीकडून शिकले आणि त्याला विचारलं, तर त्यानं नाव, गाव, तांडा, बैलांची नावं सगळं एका दमात सांगितलं. मला बैलांच्या नावापलीकडं काही कळलं नाही.

मासिक अहवालात भाषेला रकाना नाही. जात आहे, अल्पसंख्याक आहे, दिव्यांग आहे. माझ्या खोलीत सध्या चार भाषा, मावशींची धरली तर पाच, आणि पाच धारूरच्या मुलांची मराठीही माझ्या मराठीहून वेगळी. ती भाकरीला भाकर म्हणतात, आमच्या कोरड्यासाला कालवण.

६ जानेवारी २०२५, सोमवार

कोपीची उपस्थिती ११ वरून ४. कारण साधं आहे. फड लांब गेला, मोळ्या बांधायला मोठ्या बहिणींनाही नेतात. धाकट्यांना आणणारं कुणी नाही.

प्रशिक्षणात ताराबाई मोडकांचं ऐकलं होतं. १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुलं येईनात. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. पुढं १९७५ साली सरकारची योजना आली, महाराष्ट्रात धारणी आणि धारावीपासून. शब्द तोच राहिला आणि आम्ही सिमेंटच्या खोलीत बसलो, पोरांनी यावं म्हणून वाट बघत.

आजपासून दोन ते साडेतीन मी कोपीवर. केंद्राची वेळ संपल्यावर, म्हणजे स्वतःच्या वेळात. एक सतरंजी, मण्यांचा डबा, चित्रांची दहा कार्डं. मावशी म्हणाल्या, "बाई, याचे पैसे मिळत न्हाईत." माहीत आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

तिळगुळाला ऐकू न येणाऱ्या मुलाची आजी त्याला घेऊन आली होती. तो परत गेला नाही, दारातल्या मण्यांत रमला. आज सलग दुसरा दिवस बसला.

मला वाटतं याचं कारण बंजारा पोरं. त्यांच्यासाठी गेला महिना मी प्रत्येक गोष्ट हातानं करून दाखवते: बस, ऊठ, हात धू, ताटली आण, आधी लाल मग पिवळा. त्या पोराला जूनमध्ये घेऊन आले असते तर मी नुसती बोलत राहिले असते आणि तो भिंतीकडं बघत राहिला असता. आता खोलीतली निम्मी पोरं माझ्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघतात, त्यात तो वेगळा दिसत नाही. निळी टोपी त्याचा जोडीदार. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं, काय कळतं ते देव जाणे.

आरोग्य तपासणीच्या पथकाला फोन केला. वर्षातनं दोनदा येतात, याची तपासणी राहून गेलीय. कानाच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरलं. आजी "बघू" म्हणाली.

२१ जानेवारी, मंगळवार

वजनं. कोपीतल्या एकीच्या दंडाचा घेर ११.३ सेंमी. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित. तिला उपकेंद्रात नेलं, पुढं ग्रामीण रुग्णालय सांगितलं. आई म्हणाली, एक खाडा पडला तर मुकादम कापतो. शेवटी रविवारी, गाडी नसलेल्या दिवशी, आशाताईंनी घेऊन जायचं ठरलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

बैठक. पोल्ट्रीवरचं कुटुंब गेल्या आठवड्यात न सांगता गेलं, शेड रिकामी. त्याचं नाव कमी केलं. गावची २४, मोबाईलमध्ये चढलेली कोपीची ८, पट ३२. उरलेल्या तिघांची आधार अजून गावाकडंच आहेत. ती रोज जेवतात, पटावर नाहीत.

गेल्या फेब्रुवारीचा माझा पटही ३२ होता. गोषवाऱ्यात माझ्या नावापुढं शेरा आला, "पट स्थिर." शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, "तुझं बरंय बाई." त्या ३२ मधली निम्मी पोरंसुद्धा या ३२ मध्ये नाहीत. मी जूनपासूनची वही पुढं केली. मॅडमनी दहा मिनिटं वाचली, हे खरं. मग म्हणाल्या, भाषेचा रकाना वर कुणी देणार नाही, पण शेऱ्यात लिहीत जा. आणि म्हणाल्या, धारूरच्या बीटचा नंबर मिळवून देते.

तिघांच्या खिचडीचं काय, याला मात्र "बघा, सांभाळून घ्या."

४ मार्च, मंगळवार

यंदा ऊस कमी. कारखाना लवकर बंद होणार असं ऐकत होतो, मंठ्याची टोळी काल रात्रीच गेली. निळी टोपी गेला. मण्यांच्या डब्यातली दोरीही नाही, न्यायची ती त्यानंच नेली असणार. ऐकू न येणारा आज तीनदा दारापर्यंत जाऊन आला.

धारूरची टोळी आठवडाभर आहे. त्यांच्या पाच मुलांसाठी पुठ्ठ्याची कार्डं केली: वजन, उंची, राहिलेली लस, काय खातो, कशाला घाबरतो, कुठली गाणी येतात. गावाकडच्या बाईंना द्या म्हणून आयांच्या हातात ठेवली. एका आईनं ते ब्लाउजमध्ये पैशांच्या पाकिटात घातलं.

मंठ्याच्या सहा जणांची कार्डं तयार होती, द्यायची राहिली. तिकडच्या कुठल्याच बाईंचा नंबर नाही.

२४ मार्च, सोमवार

धारूरकडच्या सेविकेचा फोन आला. पाचपैकी चार कार्डं पोचली. त्यांनी पहिलं विचारलं, "ही पोरगी खिचडीला सारखं 'कोरड्यास, कोरड्यास' करती, ते काय असतं हो बाई?"

आम्ही अर्धा तास बोललो. त्यांच्या पटाचा प्रश्न माझ्या उलटा. नोव्हेंबर ते मार्च त्यांच्याकडं म्हातारी माणसं आणि मोजकीच पोरं उरतात आणि उपस्थिती का नाही म्हणून त्यांना नोटीस येते. जाणाऱ्या मुलांची कार्डं यंदा दिवाळीनंतर त्या करणार आणि कुठला कारखाना ते मला कळवणार. टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली तर तिथल्या बाई मी शोधायच्या.

८ एप्रिल, मंगळवार

सर्वेक्षण पुन्हा सुरू केलं. या वेळी पोल्ट्री, वीटभट्टी आणि मेंढरं बसलेली दोन रानं यादीत आधीच घातली. पोल्ट्रीवर नवं जोडपं आलंय, मूल नाही. मेंढरांच्या वाड्यावर दोन मुलं, आठवड्यानं पुढं जाणार.

घरी ठेवलेल्या तिघांपैकी एक परत आलं. दुसरं जूनला व्हॅनमध्ये जाणार आहे, आईनं लाडकी बहिणीचे पैसे साठवलेत. मीच भरलेला तो अर्ज.

मुलाच्या कानाची तपासणी झाली. यंत्र मिळेल म्हणतात, तारीख दिलेली नाही.

कोपीच्या जागेवर गेले होते. पाचट पेटवून रान मोकळं केलंय. मंठ्याची सहा कार्डं दप्तरात आहेत, मॅडमना नंबरासाठी आज पुन्हा मेसेज केला.